चाकणचा फोन आणि शिरोलीची वाळू

हातकणंगले तालुक्यातून एका २३ वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या (लोखंड ओतायच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये दोन वर्षं झाली, हातात साडेसोळा हजार पडतात. चाकणला असलेल्या दाजींचा फोन आलाय, 'ये इकडं, लाइनवर लावतो, ओव्हरटाइम धरून २४ पडतील.' आई म्हणते जा, कारण स्थळं येतात ती 'मुलगा पुण्यात असतो का' एवढं विचारून परत जातात. वडील मोल्डर (ओतकामाचे वाळूचे साचे करणारे) होते, ३० वर्षं वाळूत हात घातले, आता खोकला धरून घरी असतात. ते म्हणतात गाव सोडू नकोस. मुलाला स्वतःला रात्री वेगळीच भीती वाटते, की इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर आमची फौंड्री राहणार का? आपल्या तालुक्यातही पुण्यासारखी एखादी मोठी कंपनी आली असती तर हा प्रश्नच आला नसता, असंही त्यानं लिहिलंय. आणि शेवटी, 'मावशी, पर्मनंट कुठं होईन तेवढं सांगा.'

बाळा, शेवटचं आधी घेते. दाजींच्या डोक्यात जे पर्मनंट आहे, ते तुला चाकणला मिळणार नाही आणि शिरोलीलाही मिळेल असं धरून चालू नकोस. मी २८ वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात काढली. त्यातल्या एका कंपनीत (नाव सोड, आता गेटसुद्धा उरलेलं नाही) २००१ साली व्हीआरएस आली. वर नाव स्वेच्छानिवृत्तीचं होतं, पण कुणाला 'समजवायचं' याची यादी आधीच ठरली होती आणि ती माझ्या हस्ताक्षरात होती. यादीतली सगळी माणसं पर्मनंट. त्यातले टूलरूमचे सातजण दोन-अडीच महिन्यांत भोसरीत कुठं ना कुठं कामाला लागले. एकानं तर तिथंच गाळा भाड्यानं घेतला आणि वर्षभरानं आमच्याकडच्याच दोघांना बोलावून नेलं. लाइनवरचे, रोज तेच चार बोल्ट आवळणारे, त्यातले कितीतरी दोन-दोन वर्षं बसून होते. कामात कुठंच कमी नव्हते ते. पण त्यांचं काम त्या एका लाइनपुरतं होतं, लाइन गेली तसं कामही गेलं. तेव्हापासून कुणी नोकरीचं विचारलं की मी पगाराच्या आधी एकच विचारते, उद्या तुझी कंपनी बंद पडली तर याच कामासाठी तू किती दारं ठोठावू शकशील?

आता तुझी दारं मोजू. शिरोली झाली, गोकुळ शिरगाव झालं, कागलची पंचतारांकित एमआयडीसी झाली, तुझ्या दारातलं हातकणंगले आणि इचलकरंजी झाली, पलीकडं कुपवाड, आणि खाली कर्नाटकात बेळगावचं उद्यमबाग. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मिळून तीनेकशे फौंड्र्या आहेत. दोन तासांच्या टप्प्यात, घरची भाकरी न सोडता, इतक्या ठिकाणी तुझ्यासारख्या लॅबवाल्याचं काम आहे. त्याहून लांब जायचं म्हटलं तर कोइमतूर आहे, राजकोट आहे, तिथंही हेच ओतकाम चालतं. चाकणला कंपन्या यापेक्षा जास्त दिसतील, पण दाजी तुला ज्या कामाला लावणार आहेत ते काम आठवड्यात शिकता येतं. जे आठवड्यात शिकता येतं त्याला दारं कितीही असली तरी प्रत्येक दारात तुझ्याआधी दोनशे पोरं उभी असतात.

एका धंद्याचे कारखाने एका जागी का गोळा होतात, हे पुस्तकातून शिकायची तुला गरज नाही, तू त्यातच राहतोस. तुमच्याकडं रात्री दोनला इंडक्शन फर्नेसची (विजेच्या भट्टीची) कॉइल गेली तर काय होतं? तासाभरात ती बघणारा माणूस मोटारसायकलवर येतो. फेरोसिलिकॉन कमी पडलं तर शेजारच्या फौंड्रीतून दोन पोती उसनी येतात, मग भले दोन्ही मालक एकाच पार्टीच्या ऑर्डरसाठी भांडत असोत. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करणारा गल्लीत, मशिनिंग करणारा पलीकडच्या प्लॉटवर, वाळूचा ट्रक दारात. हेच सगळं एखाद्या माळावरच्या एकट्या फौंड्रीला करायचं म्हटलं तर महिन्यातले चार दिवस वाट बघण्यात जातील. माणसांचंही तसंच आहे. ब्लो होल (कास्टिंगमधलं हवेचं छिद्र) का आला याची चर्चा शिरोलीत चहाच्या गाड्यावर होते. ते ज्ञान फुकट आहे, पण तिथं उभ्या असलेल्यालाच मिळतं.

तुझ्या वडिलांना एक विचार. वाळू तयार झाली की नाही हे ते कसं ओळखायचे? मी सांगते, कारण मी बघितलंय. मूठभर वाळू घ्यायची, घट्ट आवळायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि तो गोळा मधे मोडला तर कडा तुटक पडायला नकोत. हाताला ओल लागली तर पाणी जास्त झालं, मग ओतताना वाफ धरणार. आज तुझ्या लॅबमध्ये तेच मोजायला यंत्र आहे आणि ते ओलावा साडेतीन टक्के की चार ते आकड्यात सांगतं. पण यंत्र बरोबर सांगतंय की बिघडलंय हे ज्याच्या मुठीला कळतं, तो लॅबवाला वेगळा. तुझ्या घरात तसा मास्तर बसलाय आणि तू त्याच्याशी फक्त 'जाऊ का नको' यावर वाद घालतोयस.

इलेक्ट्रिक गाड्यांची भीती खोटी नाही. इंजिनचा ब्लॉक, हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फ्लायव्हील असा माल जी फौंड्री ओतते, तिला पुढच्या काळात घाम फुटणार. पण इलेक्ट्रिक गाडीलाही थांबावं लागतं, तिलाही चाकं असतात. ब्रेक ड्रम, डिस्क, हब आहेतच. ट्रॅक्टरचं हाउसिंग आहे, पंपाची बॉडी आहे, व्हॉल्व्ह आहे. म्हणून बातम्या वाचून झोप घालवण्यापेक्षा एक दुपार डिस्पॅचच्या रजिस्टरपाशी बस. गेल्या वर्षभरात गेलेल्या मालापैकी इंजिनचा किती आणि बाकीचा किती, टनात लिहून काढ. निम्म्याहून जास्त इंजिनचा निघाला तर तू हळूहळू दुसरी फौंड्री बघायला लाग. पाव निघाला तर निवांत झोप.

शिवाय हे कोल्हापूरला नवं नाही. तुझ्या आजोबांच्या पिढीत कोल्हापूर ऑइल इंजिनचं गाव होतं. पंचगंगेचं पाणी उसाला पाजायला इंजिन लागायचं, ऊस गाळायला चरक लागायचे, आणि ते दुरुस्त करणारे मिस्त्री उद्यमनगरात जमले. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथून लोखंडी नांगर आणि बिडाचं (ओतीव लोखंडाचं) काम या सगळ्या मुलखात पसरलं. पुढं खेड्यात वीज आली, विहिरीवर मोटर बसली आणि ऑइल इंजिनचा धंदा उतरला. तेव्हाही लोक हेच म्हणाले असणार, संपलं आता. त्या दुकानांतली कितीतरी बंद पडली हे खरंच. पण ओतकाम येणारे हात इथंच राहिले आणि त्यांनी ट्रक-ट्रॅक्टरचे भाग ओतायला घेतले. विजेनं धंदा एकदा मोडलाय आणि कोल्हापूर त्यातून निघालंय. या खेपेलाही निघेलच असं मी लिहून देणार नाही, कारण उलटं झालेलंही मी बघितलंय.

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या घरात चार माग होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, संस्थानचे जहागीरदार नारायणराव घोरपडे पाठीशी होते, आणि पुढं सगळं गावच माग झालं. लहानपणी आम्हाला खटाखटीतच झोप लागायची. पण सुताचा भाव चढला आणि कापडाला उठाव नसला की एका आठवड्यात गल्लीतले सगळे माग थांबायचे. वडील, काका, शेजारी, किराणावाला, जॉबर, कांडी भरणाऱ्या बायका, सगळ्यांचे हात एकदम रिकामे. कुणी कुणाला उसने देणार? एका धंद्याच्या गावाची ही दुसरी बाजू आहे. मुंबईच्या गिरणगावात हेच अवाढव्य झालं. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार होते, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, तेव्हा लालबाग-परळमध्ये विणकराला ठोठवायला दारच उरलं नाही. म्हणून तुला सांगताना मी फक्त 'फौंड्रीत राहा' असं म्हणत नाही. फौंड्रीत असं काम धर, जे धंदा वाकडा झाला तरी शेजारच्या धंद्यात चालेल.

ते कोणतं? तू पत्रात ओझरतं लिहिलंयस की तुमच्याकडं फक्त ग्रे आयर्न, म्हणजे साधं बीड, होतं. माझ्या मते तुझा खरा प्रश्न इथं आहे, चाकण-शिरोली नंतर. मी एकदा कामगार भरतीसाठी एका लॅबमध्ये गेले होते, तिथल्या पोरानं मला सूक्ष्मदर्शकातून दोन तुकडे दाखवले. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यांसारखा पसरलेला, म्हणून ते बीड आपटलं की तडकतं. दुसऱ्यात मोहरीच्या दाण्यांसारखे गोल गोल ठिपके, ते एसजी आयर्न, ताण सोसणारं. फरक चिमूटभर मॅग्नेशियमचा. पण ते मिसळल्यावर घड्याळ लागतं. दहा-बारा मिनिटांत ओतून झालं नाही तर मॅग्नेशियमचा गुण उतरतो आणि दाणे पुन्हा बिघडतात. 'मॅडम, या दहा मिनिटांचा पगार मिळतो मला,' तो पोरगा म्हणाला. मी त्याला त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त लिहून दिला. ज्या फौंड्रीत एसजी होतं आणि मशिनिंगही आत होतं, तिथं जा. स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट नुसता छापून देऊ नकोस, चार्जमध्ये (भट्टीत घालायच्या मालात) काय बदलायचं ते सांगायला शीक. संगणकावर ओतकामाचं सिम्युलेशन करणारा कुणी असेल तर त्याच्या खुर्चीमागं उभा राहा.

आणि मग, तिशीच्या आत, पुण्याला जा. हो, जा म्हणतेय. पण बोल्ट आवळायला नको, बीड तपासायला जा. तुमच्या फौंड्रीत पुण्याच्या कंपनीचा माणूस येतो ना, गाडीतून उतरतो, कास्टिंग हातात घेऊन नाक मुरडतो आणि लॉट रिजेक्ट करतो? सप्लायर क्वालिटीवाला. त्यातल्या कितीतरी जणांनी भट्टीसमोर कधी घाम गाळलेला नसतो. मी अशा जागांच्या मुलाखतींना बसलेय. वाळूतून आलेला मुलगा समोर आला की टेबलाच्या या बाजूला लगेच कळतं, आणि पगाराचा आकडा पहिल्यांदा आम्हालाच बोलावा लागतो. चाकण आणि शिरोली हे एकमेकांचे शत्रू नाहीत रे, एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत, मधे अडीचशेएक किलोमीटर हायवे आहे. त्या हायवेवरून कोणत्या टोपीत जायचं ते तू ठरवायचंस.

आता दाजींचे २४ हजार. ओव्हरटाइम धरून, असं तूच लिहिलंयस, म्हणजे ओव्हरटाइम नसलेल्या महिन्यात किती ते विचार. खोलीत तिघं धरून साडेतीन हजार, मेस साडेतीन, येणंजाणं आणि सणाला गावी फेरी मिळून दोन. म्हणजे नऊ गेले, हातात उरले १५, तेही बारा-बारा तास उभं राहून. भाड्याचा आकडा मी अंदाजानं धरलाय, दाजी खरा सांगतील. पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव असणार की कंत्राटदाराचं? पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा खात्याचा नंबर) आता आहे तोच चालू राहणार ना? ईएसआय (कामगार विमा) कापणार का? आणि सात-आठ महिन्यांनी 'ब्रेक' देतात का? हा शेवटचा प्रश्न आडून विचार, सरळ विचारलास तर कुणी हो म्हणणार नाही. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराची बाजू कायद्यात जड होते, म्हणून ते भरण्याआधीच पोरांना गावी पाठवायची रीत मी स्वतः चालवलेली आहे. अभिमानानं सांगत नाही.

आणि मोठ्या कंपनीच्या पाटीवर जाऊ नकोस. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथं लागलेल्या मुलाचं घरात कोण कौतुक! डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पुढं ती जागा ह्युंदाईनं घेतली. पाटी बदलते.

तालुक्यात मोठी कंपनी आली असती तर, याचं थोडक्यात सांगते. सरकारनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९६२ ला एमआयडीसी झाली, १९६४ पासून मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सवलती आहेत. १९८५ ला बजाज वाळूजला गेली आणि तिच्यामागं प्रेसशॉप, रबर, प्लेटिंग, सगळं गोळा झालं, आज छत्रपती संभाजीनगरात त्या कामाचे हात पिढीजात झालेत. पण तशाच सवलती मिळालेल्या कितीतरी एमआयडीसींत आज प्लॉटवर गवत आहे आणि शेळ्या चरतायत. एक कंपनी येऊन भागत नाही, तिच्यामागं दुसरी, तिसरी, दुरुस्तीवाला, चहावाला असं सगळं यावं लागतं. ज्याची तू वाट बघतोयस ते सगळं तुझ्याकडं आधीच आहे, फक्त त्याला काचेची इमारत नाही.

पगाराचं मात्र तुझ्या मालकाला बोललंच पाहिजे. 'माणसं मिळत नाहीत' हे रडगाणं मी शिरोलीपासून भोसरीपर्यंत ऐकलंय. त्याचा अर्थ एवढाच की या पगारात आणि या धुळीत मिळत नाहीत. मोल्डिंगला बिहार-ओडिशाची पोरं येतात कारण इथल्या पोरांना ती धूळ नको आहे, आणि त्यात पोरांचं चुकलं असं मला वाटत नाही. मालक मंडळी वीजदराचा हिशेब पैशांपर्यंत पाठ म्हणून दाखवतात आणि कर्नाटकात जाण्याची भाषा करतात, पण तयार झालेला लॅबवाला कंटाळून गेला तर त्या महिन्यात रिजेक्शन किती वाढतं हे कुणी मांडून बघत नाही. तू बघ. गेल्या दोन वर्षांत तुझ्या तपासणीमुळं किती लॉट ओतण्याआधी थांबले, तारखेसह एका वहीत लिही आणि ती वही घेऊन आत जा. चाकणचा फोन आलाय हेही सांग, पण धमकी देतोय असं वाटू देऊ नकोस. २० च्या खाली तयार होऊ नकोस. नाही म्हणाले तर शेजारच्या गेटवर जा, तिथं तुला ओळखणारा एक तरी निघेलच.

स्थळांचं काय सांगू! 'पुण्यात असतो' म्हणजे सहाजणांच्या खोलीत असतो, हे मुलीकडच्यांनाही आता कळायला लागलंय. आईला म्हणावं दोन वर्षं थांब.

एक गोष्ट मात्र थांबवू नकोस. वडिलांचा खोकला तू पत्रात एका वाक्यात उरकलास. ३० वर्षं मोल्डिंगची वाळू नाकात गेलेल्या माणसाचा खोकला हवामानावर ढकलायचा नसतो. तुझा पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे ईएसआय कापत असणार, स्लिप बघ. वडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्या कार्डावर त्यांचं नाव लागतं. लागलं नसेल तर सोमवारी ऑफिसात फॉर्म दे, आणि फॉर्मची वाट न बघता याच आठवड्यात त्यांच्या छातीचा एक्स-रे काढ. डॉक्टरांना 'खोकला आहे' एवढंच सांगू नकोस, 'फौंड्रीत मोल्डिंगला होते, ३० वर्षं' असं सांग.